पाहुण्यांना दाखवायचं नाशिक

नाशिकच्या माणसाने नाशिक पाहिलेलं नसतं. ते तो पाहुणे आले की पाहतो. पांडवलेणी रोज गच्चीवरून दिसतात, म्हणून चढायची कुणाला घाई नसते. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो, पण गंगेवर जाणं होतं ते कुणाच्या दहाव्याला, नाहीतर गावाकडची मंडळी आली की.

मी मूळचा नामपूरचा. शिक्षण उरकून नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात चिकटलो, पाथर्डी फाट्याजवळ खोली घेतली आणि तेव्हापासून आमच्या अर्ध्या बागलाण तालुक्याचा नाशिकमधला मुक्काम माझ्याकडे पडू लागला. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाच्या पित्ताशयातले खडे. काम आटोपलं की मंडळी चहाचा कप खाली ठेवून विचारणार, "मग, नाशिक दाखवतो ना?" दाखवून दाखवून माझी एक फेरीच ठरून गेली होती. सकाळी मिसळ, मग पंचवटी, काळाराम, सीतागुंफा, तपोवन. दुपारी सोमेश्वरचा धबधबा. ऊन उतरलं की पांडवलेणी. संध्याकाळी नाशिकरोडचं मुक्तिधाम आणि तिथूनच परतीच्या गाडीत बसवून द्यायचं. कुठे गाडी लावायची, कुठे चप्पल सांभाळून मिळते, कुठला भेळभत्तेवाला कांदा ताजा कापतो, हे सगळं मला पाठ. मावशा खूश होऊन जायच्या. गावात माझं नाव निघालं की पोरगा अजून बिनलग्नाचा आहे ही हळहळ आधी, आणि नाशिक मात्र झकास दाखवतो ही वाहवा नंतर.

चाळिशीला टेकल्यावर ती हळहळ संपली. माझं पहिलं लग्न, हिचं दुसरं. ही नाशिकरोडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. हिचे पहिले यजमान आजारात गेले तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. त्यानंतर या मायलेकी हिच्या भावाकडे राहिल्या आणि लग्नानंतर माझ्याकडे आल्या. मुलगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि दप्तर स्वतः भरणारी.

ती मला काका म्हणायची. त्याबद्दल माझी तेव्हा तक्रार नव्हती, आजही नाही. तक्रार वेगळीच होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. मुलगी फार गुणी होती. इतकी गुणी की माझ्या जिवाला घोर लागला.

कारखान्यात मी क्वालिटीत आहे. दिवसभर चकचकीत सुटे भाग हातात घ्यायचे आणि त्यांत खोट शोधायची, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे स्वभावात एक किरकिर मुरली आहे. पण या पोरीत खोट सापडेना. ताटातलं संपवायची. टीव्ही बंद कर म्हटलं की बंद. माझ्या चहाच्या कपाला धक्का लागला तर "सॉरी काका". पाणी दिलं तर "थँक्यू काका". रात्री झोपायला जाताना, "गुड नाइट काका." असं वाटायचं की सुटी संपली की पोरगी बॅग भरेल, मला वाकून नमस्कार करेल आणि निघून जाईल.

हिची रविवारी बहुतेक ड्युटी असते. पूर्वी रविवारी मुलगी मामीकडे असायची. आता रविवार माझा. मनातून मी खूश झालो. पोरीला एकटीला घेऊन फिरलो की आपोआप गट्टी जमेल, असा माझा हिशेब होता. पहिल्या रविवारी विचारलं, "कुठे जायचं?"

"कुठेही चालेल काका."

हे 'चालेल' मला पुढे फार छळणार होतं. चालेल म्हणजे आवडेल नव्हे, नको नव्हे, काहीच नव्हे. दुसऱ्याच्या घरी पंख्याखाली बसू का खिडकीशी, असं विचारलं की माणूस म्हणतो ते चालेल.

तर पांडवलेणी. आमच्या घरापासून जवळच. पायऱ्या चढताना मला धाप लागली, ती पुढे जाऊन थांबायची आणि मी आलो की पुन्हा चालू लागायची. मी विचारलं, दमलीस? नाही काका. पाणी? नको काका. काकडी घेऊ? नको काका. आता आमच्या घरची रीत अशी की पाहुण्याने नको म्हटलं तर ते ऐकायचंच नसतं. पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून वाढायचं. मी काकडी घेतली, मीठमसाला लावून तिच्या हातात दिली. तिने ती अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि म्हणाली, "थँक्यू काका." वरती लेण्यांतल्या मूर्ती मी मावशांना सांगतो तशा तिला सांगितल्या. ती मान हलवत राहिली. संध्याकाळी आईने विचारलं, कसं होतं? म्हणाली, छान. बस्स, पुढे काही नाही.

पुढच्या रविवारी मिसळ. नाशिकमध्ये रविवारची सकाळ म्हणजे मिसळ, आणि आता मिसळ म्हणजे नुसती मिसळ राहिलेली नाही. गंगापूर रोडच्या बाजूला शेतातच टेबलं मांडलेली असतात, बाजूला झोपाळे, घसरगुंडी, बैलगाडीची फेरी, एखादा उंटसुद्धा. घरंच्या घरं पोराबाळांसकट येतात आणि नंबर लागेपर्यंत पोरं वाळूत लोळून येतात. मी तिला विचारलं, "मिसळ आवडते ना तुला?" म्हणाली, "हो काका." मिसळ आली. मी माझ्या वाटीत रस्सा ओतला, तिच्याही ओतला. तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मी पापड मोडून दिला, अजून रस्सा वाढला. मग माझं लक्ष गेलं. नाक लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पोरगी खाली मान घालून पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत होती.

"अगं, तिखट लागतंय का?"

"थोडं. पण चालेल."

मी ताटलीच ओढून घेतली. दही मागवलं, जिलबी मागवली. तिने जिलबीलाही आधी नको म्हटलं.

संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर ही माझ्यावर उखडली. "तिला तिखट अजिबात सोसत नाही. सांगितलं नाही तिने?"

"मी विचारलं, आवडते ना म्हणून. हो म्हणाली."

ही ओट्याकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "मीच शिकवलंय तिला. भावाकडे होतो ना. वहिनी वाईट नव्हती हो, पण तिचीही दोन मुलं. मी हिला सांगायचे, आपण मागायचं नाही. कुणी दिलं तर एकदा नको म्हणायचं. परत दिलं तर घ्यायचं, आणि टाकायचं नाही. आता सांगते तिला, हे आपलंच घर आहे. पण सांगून थोडंच होतंय?"

तेव्हापासून माझ्या मनाने एकच घेतलं. या पोरीने माझ्याकडे एकदा तरी हट्ट करावा. मागावं, पाय आपटावेत, नाही म्हणावं. लेकरू हट्ट करतं ते हक्काच्या माणसाजवळ. परक्याजवळ ते शहाणं असतं. आणि लहानपण काही थांबत नाही. ती अशीच शहाणी राहून मोठी झाली, तर माझं घर तिच्यासाठी दुसरं मामाचं घर होणार होतं.

मग मी जोर लावला, आणि काय केलं तर फेरी वाढवली. एका रविवारी गंगापूर धरणावर बोटीत बसवलं. पोरगी दांडा घट्ट धरून बसली, वारा आला की डोळे मिटायची. मजा आली? हो काका. एका रविवारी सोमेश्वर. तिथे धबधब्याच्या पाण्याने सगळी पोरं नखशिखांत भिजलेली, आयांच्या हाका, बापांच्या शिव्या, आणि आमची पोरगी सँडल काढून, जोडून ठेवून, घोट्यापर्यंत पाण्यात उभी. मी म्हटलं, जा की पुढे, भीज. म्हणाली, "कपडे ओले होतील." आता यावर काय बोलायचं!

एकदा मात्र गंमत झाली. पंचवटीत सीतागुंफेत गेलो. तिथे आत उतरायची वाट म्हणजे भिंतीत ठेवलेली फट आहे. लहान पोरं सुळकन जातात. मोठ्या माणसाला बसून, वाकून, अंग चोरून सरपटावं लागतं. दरवेळी मी मावशांना आत पाठवून बाहेर उभा राहायचो. या वेळी पोरीला एकटीला कसं सोडायचं म्हणून मीही शिरलो. लग्नानंतर माझं पोट बऱ्यापैकी सुटलं होतं हे मी विसरलो. मधल्या वळणावर मी जो अडकलो, तो पुढेही जाईना आणि मागेही. माझ्या मागे एक गुजराती कुटुंब, त्यांच्या मागे एक सहल. मागून लोक "चलो, चलो" करतायत, मी घामाघूम. पोरगी पुढून वळून बघत होती. म्हणाली, "काका, श्वास सोडा. सगळा सोडा." सगळा सोडला तेव्हा सुटलो.

बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे पाठ केली आणि फुलवाल्यांकडे बघत उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, पण पाठ करून. मोठ्यांना हसायचं नाही ना! मी म्हटलं, "हस की गं तोंडावर." तेव्हा वळली, गंभीर चेहरा करून म्हणाली, "लागलं का काका?" दोन्ही वेण्या थरथरत होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आत कुठेतरी एक खट्याळ पोर आहे आणि ती बाहेर यायला बघतेय. मी आशेवर आलो.

पण मुक्तिधामला पुन्हा ये रे माझ्या मागल्या. हिची ड्युटी सुटेपर्यंत आम्ही तिथे गेलो होतो. पांढरंशुभ्र मंदिर, बाहेर फुगे, भिरभिरी, प्लास्टिकच्या बंदुका. एका लहान मुलाने बंदुकीसाठी फरशीवर अंग टाकलं होतं. त्याचा बाप त्याला एका हाताने ओढत होता आणि ते कार्टं फरशी पुसत पुसत सरकत होतं. त्याच्या आईने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ, बघ ती दीदी कशी शहाणी आहे!" बापाने माझ्याकडे हेव्याने पाहिलं. खरं तर मला त्याचा हेवा वाटत होता. मी गुपचूप तीन फुगे घेतले. तिने एकदा नको म्हटलं, मग घेतले, मग थँक्यू.

त्याच सुमारास माझी आई मोतीबिंदूच्या तपासणीसाठी नामपूरहून आली. सत्तरी ओलांडलेली, कांद्याच्या चाळीत आयुष्य गेलेली बाई. या लग्नाला ती फार राजी नव्हती, पण नाराजी धरून बसायला तिला वेळ नसतो. आल्या आल्या तिने आपल्या अहिराणीत हुकूम सोडत पोरीला कामाला जुंपलं. "हाई पिशवी धर वं माय." "मना चष्मा दख बरं कोठे गया." पोरगी पळतेय, आणतेय, आजी तिला वेण्या सैल बांधल्या म्हणून ओरडतेय, पुन्हा करकचून घालतेय. पोरगी "आई गं!" म्हणून किंचाळली. आमच्या घरात ती किंचाळल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

रविवारी तिघं निघालो. मी सवयीने सुरू झालो. आजीला तपोवन दाखवू, मग रामकुंड, मग... आणि पोरीला म्हटलं, "तुला काय घेऊ? फालुदा घेऊ? नको? मग कुल्फी? कणीस?"

आई थोडा वेळ ऐकत होती. मग थांबली, कमरेवर हात ठेवला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आंडेर शे का पाव्हनी? गाव दखाडाले पाव्हनास्ले लई जातस. घरनी पोरले कामले लावतस."

लेक आहे की पाहुणी, हे ती मला विचारत होती. गाव दाखवायला पाहुण्यांना नेतात, घरच्या पोरीला कामाला लावतात. मी हसण्यावारी नेलं. "अगं, पण तिने तरी कुठे पाहिलंय हे सगळं!"

तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मी पाहिलंय."

"काय पाहिलंयस?"

"सगळंच. शाळेची सहल आली होती इथे. पांडवलेणीला दोनदा. बोटीत मामा घेऊन गेला होता." आणि मग घाईघाईने, जणू माझी समजूत काढावी तसं, "पण चालेल काका. परत बघितलं तरी चालेल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दाखवत होता ना."

मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. पोरगी नाशिकमध्ये जन्मलेली. मी बाहेरून आलेला. आणि इतके रविवार मी तिला तिचंच गाव दाखवत फिरत होतो, नामपूरच्या मावशांना दाखवतो तसं, त्याच क्रमाने, त्याच भेळेसकट. ती पाहुण्यासारखी वागत होती, कारण मी पाहुणचार करत होतो. आग्रह मी करायचा, नको तिने म्हणायचं, शेवटी घ्यायचं आणि थँक्यू. मी जितका आग्रह वाढवत होतो, तितकी ती सावरून बसत होती. दुसऱ्याची खोट शोधून पोट भरणाऱ्या माणसाला एवढं दिसू नये, याचा मला स्वतःचाच भयंकर राग आला.

आई गावी गेली. पुढच्या रविवारी मी पोरीला कुठे जायचं ते विचारलंच नाही. म्हटलं, "चल, दळण आणायचंय."

तिने डबा धरला. गिरणीत गर्दी होती. पट्ट्याचा खडखडाट, पिठाचा धुरळा, बाकावर आमच्यासारखेच पाच-सहा जण. बराच वेळ गेला. तिच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. आधी ती नीट बसली होती, मग पाय हलवू लागली, मग बाकावरून घसरून खाली, पुन्हा वर. शेवटी म्हणाली, "काका, कंटाळा आला."

मी मान वळवून बघितलं. कंटाळा! बोटीत नव्हता आला, लेण्यांत नव्हता आला, आणि आला असला तरी बोलली नव्हती. "मलापण आलाय," मी म्हटलं. मग आम्ही दोघं कंटाळून बसलो. गिरणीवाल्याला नावं ठेवली. ती म्हणाली, त्याच्या मिशीवर पीठ बसून तो म्हातारा दिसतो. त्या दिवशी घरी परतताना ती शाळेतल्या एका मुलीबद्दल सबंध रस्ता बोलत होती. मला त्यातलं निम्मं स्कूटरच्या आवाजात कळलं नाही, तरी मी हं हं करत होतो.

मग असेच रविवार जाऊ लागले. पंक्चर काढायला, गॅसची शेगडी दुरुस्त करायला, माझे केस कापायला. न्हाव्याकडे तिने सांगितलं, मागून अजून बारीक करा. "मग आइस्क्रीम घेऊ?" हे विचारायचं मी बंद केलं. जड गेलं, पण बंद केलं. तीही काही मागत नव्हती. बोलणं वाढलं होतं, मागणं नव्हतं.

आणि मग तो गंगेवरचा रविवार. भाजी घ्यायला गेलो होतो. घाटाकडच्या भाजीत आणि आमच्या फाट्यावरच्या भाजीत फरक असतो असं माझं मत आहे, हिचं नाही. मेथी, टोमॅटो, गवार घेतली. पिशवी एका बाजूने तिने धरली, एका बाजूने मी. ऊन कललं होतं, पायऱ्यांवर पोरं पाण्यात उड्या मारत होती. पुलाच्या सावलीत एक माणूस टोपली घेऊन बसला होता. टोपलीत कोंबडीची पिल्लं, रंगवलेली. गुलाबी, हिरवी, जांभळी. एकमेकांच्या अंगावर चढत होती आणि चिवचिव चालली होती.

तिच्या हातून पिशवी सुटली. ती टोपलीपाशी उकिडवी बसली. एक हिरवं पिल्लू तिच्या बोटाला चोच मारू लागलं. मी मागे उभा. ती मान वर करून म्हणाली, "काका, मला हे पाहिजे."

मला पाहिजे. हे ऐकायला मी इतके महिने जिवाचं रान केलं होतं. बोट मागितली असती तर अख्खी बोट ठरवली असती. आणि तिने मागितलं काय, तर ज्याला हो म्हणणं शक्य नाही ते. ही रंग लावलेली पिल्लं जगत नाहीत. लहानपणी गावच्या बाजारातून आम्हीही आणली होती, आणि खोक्यातल्या मेलेल्या पिल्लाशेजारी बसून माझी बहीण किती रडली ते मला माहीत होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दिवसभर बंद. पण टोपलीवाला म्हणाला, "घ्या साहेब, लेकीचं मन मोडू नका," आणि माझा हात खिशाकडे गेलासुद्धा. वाटलं, घेऊन टाकू. दोन दिवस जगेल तर जगेल, पण पोरगी माझी होईल. आणि आज नाही म्हटलं आणि तिने पुन्हा कधी मागितलंच नाही, तर?

हात मागे घेतला. "नाही," मी म्हटलं.

ती तशीच वर बघत राहिली. "पाहिजे."

"नाही. ही पिल्लं जगत नाहीत. रंगाने मरतात."

"मी जगवीन."

"नाही म्हटलं ना!"

हा आवाज माझ्या बापाचा होता, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. तो माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. पोरीचं तोंड वाकडं झालं, खालचा ओठ बाहेर आला, आणि तिने गंगेच्या घाटावर बसकण मारून असं भोकाड पसरलं की पाण्यातली पोरं उड्या मारायची थांबली. "मला पाहिजेच! मला पाहिजेच!" पाय आपटले. एक लाथ पिशवीला बसली आणि टोमॅटो टणाटण पायऱ्यांवरून खाली निघाले. मी टोमॅटोंमागे, ती माझ्या नावाने ओरडतेय, एक बाई म्हणतायत, "द्या हो घेऊन, कशाला रडवताय लेकराला," आणि ओल्या डोक्याचा एक गृहस्थ दोन टोमॅटो माझ्या हातात देऊन सहानुभूतीने मान हलवतोय.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. उचललं नाही, समजूत घातली नाही, फक्त बसलो. मला तिच्या रडण्याचं वाईट वाटत होतं आणि आतून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या, दोन्ही एकदम. टोपलीवाला कंटाळून पुलापलीकडे निघून गेला. तिने माझ्या दंडावर मुठी मारल्या, चांगल्या जोरात. मग हुंदके, मग उचक्या. मग ती उठली, फ्रॉक झटकला आणि स्कूटरकडे चालू लागली.

आणि तिथे माझा धीर खचला. स्कूटरवर एरवी ती माझा शर्ट धरून बसायची. त्या दिवशी मागचा लोखंडी दांडा धरून बसली. द्वारका चौक आला, मुंबई नाका गेला, एक शब्द नाही. मी आरशात बघत होतो. डोळे कोरडे, तोंड मिटलेलं. झालं, मी मनात म्हटलं. पोरीने एकदा दार उघडलं होतं, ते मीच तोंडावर आपटून लावलं. आता उद्यापासून पुन्हा चालेल काका, थँक्यू काका, आणि या वेळी ते कायमचं. पाथर्डी फाट्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा मागे वळून म्हटलं, "बरं वाटतंय ना?" तिने दुकानांकडे तोंड फिरवलं.

जिन्यात ती माझ्या पुढे गेली, एकेका पायरीवर पाय आपटत. त्या दिवशी ही लवकर सुटून घरी आली होती. दार उघडताच पोरीने सँडल एक इकडे, एक तिकडे भिरकावली आणि रडायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आई, काकाने मला पिल्लू घेऊन दिलं नाही! ओरडला पण! सगळ्यांसमोर! खूप घाणेरडा आहे तो!" मग माझ्याकडे बोट रोखून, "मी याच्याशी कट्टी आहे! मी जेवणार पण नाही!" आणि आतल्या खोलीत जाऊन दार धाडकन लावलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

ही दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. मग माझ्याकडे वळली. "काय केलंत काय तुम्ही तिला?"

"भांडण झालं आमचं," मी म्हटलं. फुटके टोमॅटो पिशवीतून माझ्या पायावर गळत होते.

हिने माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे पुसले, का ते तिचं तिला माहीत. मग पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "मी नाही जाणार समजूत काढायला. ज्याने रडवलं, त्याने जायचं."

मी दारावर टकटक केलं. आतून आवाज आला, "येऊ नको!" मी दार ढकललं. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कडेला टेकलो. ती वळली नाही. फक्त दोन्ही पाय उचलले, घाटावरच्या मातीने भरलेले, माझ्या मांडीवर दाणकन आपटले, आणि तिथेच ठेवले.